127 दातांचा गिअर

2023 चा अधिक श्रावण. हेल्पर धोंडे खायला सासुरवाडीला गेलेला आणि नेमकं तेव्हाच वाळूजच्या एका मोल्डवाल्या पार्टीने झिजलेला स्क्रू आणून टाकला. बोरिंग मशीनच्या टेबलाचा, पाऊण मीटर आटे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 5 मिलिमीटर. डायलवर आकडा वाचून ते भोकांमधलं अंतर धरतात, म्हणजे पिचमध्ये लबाडी चालणार नाही.

आमचा लेथ इंची. जॉब फिरतो तसा गिअरांमार्फत फिरून टूल सरकवणारा लीड स्क्रू मागच्याच वर्षी नवा बसवला, पण इंचाला 4 आटे तेच. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127. म्हणून इंची लेथवर मिलिमीटरचे आटे तंतोतंत पाडायचे तर 127 दातांचा गिअर लागतोच. या जॉबला वर 100 दातांचा, खाली लीड स्क्रूवर 127 चा. 127 ला कशानेच भाग जात नाही, त्यामुळे दोन लहान गिअर जोडून तो आकडा जमत नाही. आमच्या पेटीत तो नव्हता. जुना लेथ घेताना मिळतं ते मिळतं.

शेजारचा शेडवाला म्हणाला, "वर 63, खाली 80 टाक, काहून डोकं लावतो?" उपाय खोटा नाही. फरक आठ हजारांत एक, नट-बोल्टाला कळतही नाही. पण पाऊण मीटरला तो 0.09 मिलिमीटर होतो, आणि मोल्डवाला तेवढ्यावर जॉब परत पाठवतो.

बिडाचा ब्लँक, म्हणजे बिनदाती चकती, डिव्हायडिंग हेडवर चढवला; हे वर्तुळाचे सारखे भाग पाडून देतं. हँडलचे 40 फेरे म्हणजे जॉबचा एक. हँडल किती फिरवायचं ते प्लेटवरची भोकं मोजून ठरतं. 127 भोकांची प्लेट मिळत नाही, म्हणून 120 दात पाडतोय असं धरायचं: 18 भोकांच्या ओळीत दर दाताला 6 भोकं. आणि मागे 56 आणि 24 चे गिअर लावायचे, म्हणजे आपण हँडल पुढे नेतो तशी प्लेट हळूच उलटी सरकते आणि वरचे 7 दात त्यातून निघतात. पाहणाऱ्याला वाटतं प्लेट ढिली आहे.

आयटीआयचा पोरगा तेल सोडत उभा होता. म्हणाला, "काका, हा गिअर ग्रीकांकडं पण होता." 1901 मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून निघालेलं, सूर्य-चंद्राच्या जागा दाखवणारं काशाचं यंत्र, दोन हजार वर्षांपूर्वीचं, 30 गिअर शिल्लक. एक्स-रे काढून अभ्यासकांनी त्यातल्या एकाला 127 दात धरले.

त्यांना कुठला आलाय इंच? त्यांना चंद्र फिरवायचा होता. 19 वर्षांचे महिने 228, त्यात धोंड्याचे 7 मिळवले की 235. त्यात सूर्याच्या 19 फेऱ्या घातल्या की चंद्राच्या नक्षत्रांतल्या फेऱ्या 254, निम्म्या 127. 2004 ला अधिक श्रावण होता, 19 वर्षांनी पुन्हा तोच. थोडक्यात, ज्या हिशेबाने आमचा हेल्पर सासरी जाऊन बसला, त्याच हिशेबातला हा गिअर! 25.4 शी त्याचा संबंध शून्य, निव्वळ योगायोग. पण वर्तुळ निम्मं-निम्मं करत गेलं तर 128 भाग येतात. डिव्हायडिंग हेड नसताना त्यांनी एक कमी कसा साधला असेल, यावर आमचा चहा गार झाला.

शेवटचे पाच दात उरल्यावर मशीन थांबवून उरलेली जागा मोजली. बरोबर होती. दुसऱ्या दिवशी स्क्रू निघाला.

पार्टीने बिल बघितलं. "यात गिअरचे किती लावले?" म्हटलं, काहीच नाही, तो माझ्याच पेटीत राहणार आहे.