ठिपका बरोबर, मजला चुकला

पावसाचा जोर ओसरू लागला की नाशिकच्या भटक्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर शुक्रवारी रात्री एकच मागणी फिरते: “अलंग-मदनची जीपीएक्स आहे का कुणाकडे?” पूर्वी या डोंगरी किल्ल्यांसाठी हीच विचारणा “आंबेवाडीत वाटाड्या कोण मिळेल?” अशी, म्हणजे पायथ्याच्या गावाची असायची. आता पाच मिनिटांत दोन-तीनशे केबीची जीपीएक्स फाईल, म्हणजे आधी गेलेल्या कुणाच्या वाटेची नकाशावर उमटणारी रेषा, येऊन पडते, कुणीतरी अंगठा दाखवतं आणि रविवार ठरतो. फाईल वाईट नसते. ती वाचायची कशी, हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

रेंज गेली की जीपीएसही गेलं, असं अजून पुष्कळांना वाटतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि त्यातले चार दिसले की फोनला आपली जागा कळते. घोटीच्या टॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. रेंजचा उपयोग एवढाच, की कुठला उपग्रह कुठे आहे हे इंटरनेटवरून चटकन मिळतं. ते नसेल तर फोन तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश ऐकून घेतो. म्हणून पायथ्याच्या गावात, मोकळ्या आभाळाखाली, दोन-तीन मिनिटं फोन हातात धरून उभं राहायचं आणि मग चालायला लागायचं. नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्यावा लागतो. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडी पायथ्याला लावेपर्यंत ठीक. पुढची पायवाट त्यात बहुधा नसतेच. त्यासाठी ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅप. ऑसमअँडमध्ये समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वेगळ्या उतरवाव्या लागतात, हे अनेकांना डोंगरात गेल्यावर कळतं. निघायच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकून अ‍ॅप उघडायचं आणि गडाचा माथा मोठा करून बघायचा. पडदा कोराच राहिला, तर उतरवायला अजून वेळ आहे.

आता नकाशावर आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याकडे वळू. उघड्या माळावर फोन साधारण पाच मीटरच्या आत खरं बोलतो. कड्याच्या पोटात शिरलं की अर्धं आभाळ कातळानं झाकलेलं असतं, आणि उरलेल्यातले काही संदेश समोरच्या भिंतीवर आपटून येतात. आपटून आलेला संदेश उशिरा पोचतो आणि फोन त्या उशिराला अंतर समजतो. वीस-तीस मीटरची चूक तिथं सहज होते. गंगापूर रोडवर एवढ्या चुकीनं ठिपका पलीकडच्या फुटपाथवर जाईल, बस. पण आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला; उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. अलंग आणि मदन यांच्यामधली आडवी, म्हणजे कड्याच्या कडेनं जाणारी आडवी वाट, असल्याच पट्टीवरून जाते. नकाशावर या पट्टीत आणि खालच्या पट्टीत अंतर वीस मीटर, प्रत्यक्षात मध्ये उभा कातळ. ठिपका रेषेवर आहे म्हणून माणूस निर्धास्त चालतो आणि मजला मात्र खालचा असतो. रेषेवर असूनही वाट एकदम झाडीत बुजली, तर डावी-उजवीकडे शोधण्याआधी वर-खाली कुठली पट्टी जाते ते बघावं. आडवी सुरू झाली तिथं मागे जाऊन पुन्हा बघणं सगळ्यात स्वस्त पडतं.

समोच्च रेषाही इथं फार मदत करत नाहीत. बऱ्याच अ‍ॅपमधली उंची २००० साली एंडेव्हर अंतराळयानानं रडारनं केलेल्या मोजणीतून आलेली आहे, आणि त्यात साधारण तीस मीटरला एक आकडा आहे. दोन आकड्यांच्या मधला साठ मीटरचा कडा त्या हिशेबात नुसता तीव्र उतार होऊन बसतो. त्यामुळे पडद्यावर ‘इथून सरळ उतरता येईल’ असं दिसलं तरी वळण कापायचं नाही. रेषा उगाच लांबून फिरून गेली असेल, तर नाळ (कड्यातली उतरती घळ) किंवा खिंड तिकडेच असते.

दुसऱ्याची रेषा म्हणजे त्याची सगळी चालही. जिथं तो जेवायला बसला तिथं जळमटासारखा गुंता दिसतो, कारण माणूस थांबला तरी ठिपका हलत राहतो. दोन बिंदूंमध्ये पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ असेल, तर तिथं फोन झोपला होता. ती वाट समजू नये. मध्येच फुटून परत आलेली फांदी म्हणजे तो चुकला आणि मागे फिरला. तीन वेगवेगळ्या लोकांच्या रेषा एकावर एक टाकाव्यात आणि त्यांचे महिने बघावेत. फेब्रुवारीतली मळलेली वाट सप्टेंबरात कमरेएवढ्या गवताखाली असते.

उंचीच्या आकड्यावर भांडू नये. कळसूबाई १,६४६ मीटर, पण देवीच्या मंदिरापाशी काही अँड्रॉइड अ‍ॅप साठेक मीटर कमीच सांगतात. कळसूबाई खचलेली नसते. उपग्रह पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून उंची मोजतात आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. सेटिंगमध्ये समुद्रसपाटीची दुरुस्ती असते, ती सुरू करायची.

बॅटरी खाते ती पडद्याची चकाकी आणि टॉवर शोधण्याची फोनची धडपड. एअरप्लेन मोडवर जीपीएस चालूच राहतं. नोंद करणाऱ्या अ‍ॅपला बॅटरी-बचतीतून वगळलं नाही, तर खिशात गेल्यावर फोन ते गुपचूप बंद करतो. वर सांगितलेली सरळ रेघ बहुतेक वेळा इथूनच येते. दहा हजार एमएएचच्या पॉवरबँकेतून प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात. पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि ओल्या पोर्टात चार्जिंग होत नाही, तेव्हा बटणांचं, साध्या दोन पेन्सिल सेलवर चालणारं गार्मिनचं ईट्रेक्स हे हातातलं जीपीएस यंत्र अजून कामाला येतं. परदेशी व्हिडिओत दिसणारी, उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाहीत.

म्हणजे अडकल्यावर पुन्हा फोनच. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो; डोंगराच्या धारेवर येऊन, एअरप्लेन मोड काढून प्रयत्न करायचा. जागा दशांश अंशांत, पाच अंकांपर्यंत सांगायची. २०.३० अंश आणि २० अंश ३० मिनिटं यांत बावीस किलोमीटरचा फरक आहे, एवढ्यात शोधणारे वेगळ्याच तालुक्यात जातील. शिवाय पाड्यावरची माणसं आकड्यांवर येत नाहीत, ती ‘टाक्यांच्या खालची नाळ, आंबेवाडीच्या बाजूनं’ म्हटलं की येतात. तेव्हा मेसेजमध्ये दोन्ही लिहावं, आणि किती जण आहेत तेही.