आज्याचा अंगठा आणि आमचा सातबारा

काजूची कलमं लावायची म्हणून मी भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचे कागद गोळा करत होते, तेव्हा हे उघडं पडलं. सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात खोतांच्या घरातली सात नावं. माझ्या आज्याचं नाव इतर हक्कात, ‘कुळ’ म्हणून. ज्या ३८ गुंठ्यांत आमच्या चार पिढ्या राबल्या, तिथे कागदावर आम्ही अजून कुळच.

‘आपली जमीन कुळकायद्यात झाली’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ते खोटं नव्हतं. खोतीच्या काळात आज्याचा बापूस अर्धेलीने कसायचा, निम्मं भात खोताच्या खळ्यावर जायचं. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती मोडण्याचं विधेयक मांडलं; खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारं कूळ मालक झाल्याचं मानलं गेलं. पण त्यानंतर त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरायची, ती भरायची आणि मग कलम ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र हातात घ्यायचं. आज्याने सगळे हप्ते फेडले. प्रमाणपत्र मात्र आणलंच नाही. शेवटच्या हप्त्यानंतर दोन पावसाळ्यांत तो गेला. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे, मुंबईला कामाला. तालुक्याला जाणार कोण?

कोकणात अशी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहितेय. सुरुवात फेरफारापासून, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीपासून करा. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर कुळाच्या नावाजवळ गोलात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. तलाठ्यांकडून त्या फेरफाराची नक्कल घेतली, तर तीत ३२ग च्या केसचा नंबर आणि साल मिळालं. तो नंबर घेऊन तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला. नुसतं ‘आमची कुळकायद्याची केस शोधून द्या’ म्हटलं असतं तर कुणी काही शोधलं नसतं.

तिसऱ्या हेलपाट्यात केस सापडली. धाग्याने बांधलेले पिवळे कागद, कडा कुरतडलेल्या. त्यात आज्याचा जबाब होता. ‘सदर जमीन मी कसत असून ती विकत घेण्यास राजी आहे.’ खाली निळ्या शाईचा फिकट ठसा आणि शेजारी कारकुनाच्या अक्षरात, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. आज्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. मी त्याला पाहिलेलं नाही. त्या टेबलाशी उभी राहून मी तो ठसा किती वेळ बघत होते, मला सांगता येणार नाही.

आणि तो जबाब नुसता आठवणीचा नव्हता. कुळाने तेव्हा ‘राजी नाही’ म्हटलं असतं, किंवा बोलावूनही तो हजर झाला नसता, तर खरेदीच निष्प्रभ ठरू शकत होती. आमच्या वाडीतल्या दोन घरांचं असंच झालं. खोताला दुखवायला नको म्हणून ती माणसं तारखेला गेलीच नाहीत.

पैसे भरल्याचा पुरावा आजीने ठेवला होता. ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, सहा पावत्या. एकूण १८६ रुपये. शेवटची पावती घडीवर फाटलेली, रक्कम दिसते, साल दिसत नाही. त्या एका सालासाठी जुन्या वसुलीच्या नोंदींशी ताळा घालण्यात अडीच महिने गेले. कचेरीच्या ओट्यावर एकाने ‘पंचवीस हजारात करून देतो’ म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मात्र न चुकता घेत गेले.

मग सुनावणी. शेतजमीन न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडे तहसीलदारच. सात मालकांपैकी दोघे वारलेले, त्यांचे वारस शोधून सगळ्यांना नोटीस बजावायची. एकाने वकिलामार्फत हरकत घेतली की किंमत पूर्ण भरलेली नाही. तिथे पावत्या कामी आल्या. पण मला आठवते ती डोंबिवलीहून आलेली त्याच घरची म्हातारी सून. काठी टेकत आली आणि जबाब दिला, “सासरे सांगायचे, त्या जमिनीचे पैसे आम्हाला पोचलेत. ती त्यांचीच.” बाहेर आल्यावर मी पाया पडले, तर म्हणाली, “तुझी आजी आमच्याकडे फणस घेऊन यायची गो.”

वारसांच्या यादीवरून घरात भांडण झालं. चुलतभाऊ म्हणाला, दोन्ही आतेंची नावं कशाला, हक्कसोड करून घेऊ. मी ऐकलं नाही. लावणीला कमरेत वाकून त्या दोघींनी ही खाचरं लावलेली आहेत, आणि आज्याच्या मिळकतीत मुलींचा हक्क १९५६ च्या वारसा कायद्यापासून आहे. हक्क सोडायचा की ठेवायचा ते त्या ठरवतील, आम्ही नव्हे. नावं लागली.

३२म चं प्रमाणपत्र हातात पडायला चौदा महिने लागले. खरेदी झाल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. हे विनातक्रार झालं. विक्रीवर बंधन घालणारा कलम ४३ चा शेरा राहिलाय. २०१४ च्या दुरुस्तीनुसार, खरेदीला दहा वर्षं झाली की आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून जमीन विकता येते. आमचा आकार १ रुपया ८५ पैसे, म्हणजे ७४ रुपये. हायवे झाल्यापासून दलाल विचारत येतात. मला विकायची नाही.

धाकट्या आतेला नवा सातबारा दाखवला. तिला वाचता येत नाही. “माझं नाव कुठं हाय?” म्हणाली. मी बोट ठेवलं. तिने त्या जागी आपलं बोट ठेवलं आणि मोठीचं कुठे ते विचारलं.

आता मोजणीचा अर्ज दिलाय. वरच्या गडग्याकडून कलमांचे खड्डे मारायला घेतलेत.