आज्जीची गुळाची नानकटाई आणि पेठेतली भट्टी

या मार्गशीर्षात आमच्या आज्जीला शंभर वर्षे पूर्ण झाली असती. फोटोला हार घालायचा, चार जणांनी चार शब्द बोलायचे आणि जेवून पांगायचे, असा कार्यक्रम घरात कोणालाच नको होता. शेवटी थोरल्या काकूंनीच सगळ्यांना फोन केले, "सासूबाईंची बिस्किटं करूया. ज्याला ती चव आठवते त्यानं कोल्हापूरला यायचं." मुंबई, पुणे, बेळगाव, नाशिक अशा सगळीकडून माणसे निघाली.

मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेले. रात्री मुंबई सोडलेली ही गाडी सकाळी मिरजेहून कोल्हापूरच्या फाट्याला लागते. १८९१ साली सुरू झालेला हा मार्ग कोल्हापुरातच संपतो. हिवाळ्यात इथून जाताना खिडकीजवळची जागा सोडू नये. दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसतात आणि हातकणंगले, रुकडी ही स्थानके मागे पडत असताना मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड, किंचित करपट वास डब्यात शिरतो. रुकडीजवळ पंचगंगा ओलांडली की कोल्हापूर आलेच. शहराच्या अलीकडे 'गूळ मार्केट' नावाचे छोटे स्थानक आहे.

आज्जीच्या नानकटाईचे वेगळेपण या गुळातच होते. इतर घरांत मैदा, पिठीसाखर आणि डालडा असे. आज्जी मात्र कणीक, घरचे तूप आणि गूळ वापरत असे. म्हणून अंबाबाईचे दर्शन आटोपल्यावर आम्ही आधी गूळ घ्यायला निघालो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला मोठा बाजार मिळाला. आता घाऊक सौदे मार्केट यार्डात होतात आणि २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुकानात पिवळेधमक रवे ओळीने मांडलेले होते, पण आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. आज्जी गडद, तांबूस गूळच घ्यायची. फार उजळ गुळात रंग काढण्यासाठी रसायन घातलेले असते, असे ती म्हणे आणि ते बऱ्याच वेळा खरेही असते. आत्यांनी एक खडा फोडून जिभेवर ठेवला, खारटपणा लागत नाही याची खात्री केली आणि मगच वजन करायला सांगितले.

संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घरात पीठ मळायला घेतले, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. आज्जीची पूर्ण कृती कोणा एकाला येत नव्हती. तिने कधी काही लिहून ठेवले नाही. जी सून किंवा लेक हाताशी असेल तिला त्या वेळचे काम सांगितले, एवढेच. थोरल्या काकूंना वाटीचे प्रमाण पाठ होते. आत्यांना तूप फेसण्याची रीत ठाऊक होती. थिजलेले रवाळ तूप परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने फिरवत राहायचे, ते पांढरे आणि हलके झाले की मगच किसलेला गूळ घालायचा. धाकट्या काकूंना आठवले की पीठ मिसळल्यावर मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. पाण्याचा थेंब घातला किंवा जोर लावून मळले की कणकेला चिकटपणा येतो आणि बिस्किट खुसखुशीत न होता चिवट होते. गोळा रात्रभर झाकून ठेवायचा, हे माझ्या वडिलांना माहीत होते, कारण लहानपणी तो चोरून खाल्ल्याबद्दल त्यांनी मार खाल्ला होता. गुळात साखरेपेक्षा ओलावा जास्त असतो. पीठ मुरले आणि गार झाले नाही, तर गोळे पत्र्यावर पसरतात.

दुसऱ्या दिवशी पराती घेऊन आम्ही पेठेतल्या भट्टीवर गेलो. दिवाळीआधी घरचे सामान भट्टीवर नेऊन बिस्किटे भाजून आणायची रीत एके काळी घराघरात होती. बायका पहाटेपासून नंबर लावत आणि भाजलेला माल तेलाच्या रिकाम्या चौकोनी डब्यांत भरून नेत. ही भट्टी आजही लाकडावर चालते. आत विटांची बुटकी कमान आहे. आधी आत जाळ करून विटा तापवतात, मग निखारे बाजूला ओढून फरशी पुसून घेतात आणि त्या साठलेल्या उष्णतेवर दिवसभराचे काम होते. कडक आचेला पाव, आच उतरली की खारी आणि बिस्किटे, आणि शेवटी उरलेल्या उबेवर रात्रभर टोस्ट वाळतात. भट्टीवाल्या चाचांनी चिमूटभर पीठ आत फेकले. ते लगेच काळे पडले. "अजून थांबा. ह्या आचेला गूळ जळतंय," ते म्हणाले.

ते थांबणे फार चांगले गेले. चाचांना आज्जी चांगली आठवत होती. "तुमच्या आज्जी व्हय? त्या पत्रा बाहेर येईस्तोवर हलायच्या न्हाईत इथनं. माझ्या वडलांना म्हणायच्या, मागची रांग जास्त लाल झाली, पत्रा फिरव." ज्या अंगाला निखारे असतात तिकडची बाजू आधी भाजते, म्हणून पत्रा अर्ध्यात फिरवावा लागतो. चाचांनी लांब दांड्याच्या फळीने आमचा पत्रा तसाच फिरवला. बाहेर आलेल्या नानकटाईला वर बारीक भेगा होत्या, कडा तांबूस होत्या आणि मधोमध रोवलेली चारोळी जागच्या जागी होती. आत्यांनी पहिली चाचांच्या हातावर ठेवली. मग स्वतः एक मोडून खाल्ली आणि डोळे पुसत काकूंना म्हणाल्या, "वहिनी, आईचीच आहे."

आता कृती लिहून झाली आहे. १ किलो कणीक, १०० ग्रॅम बारीक रवा, ५०० ग्रॅम गूळ, ६०० ग्रॅम तूप, लहान चमचाभर सोडा आणि वेलची. घरच्या ओव्हनमध्ये करायची असेल, तर १६० अंशांवर सुमारे २० मिनिटे. एका मुद्द्यावर मात्र एकमत झाले नाही. थोरल्या काकू म्हणतात की आज्जी जायफळ घालायची, आत्या म्हणतात की सुंठ. म्हणून वहीत दोन्ही लिहिले आहे आणि पुढच्या मार्गशीर्षात दोन वेगळे पत्रे लावायचे, असे चाचांना आताच सांगून ठेवले आहे.