मायची बरणी

पैठणला गोदाकाठी मायचे पिंड मांडले आणि कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. मामा हात जोडून म्हणाले, "आक्का, काय राहिलं आसंल तर पोराला सांग." मग मी पुढं झालो. तिला काय बोललो ते इथं लिहीत नाही. बऱ्याच वेळानं कावळा आला.

तिथं बसल्या बसल्या मला होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याचा अकरावा सर्ग आठवत होता. मृतांच्या सीमेवर त्याचा नायक ओडिसियस तलवारीनं हातभर खड्डा खणतो. त्यात मध-दूध, द्राक्षाची दारू, पाणी ओततो, वर सातूचं पीठ भुरभुरतो आणि मेंढरांचं रक्त सोडतो. सावल्यांची झुंबड उडते. तिच्यात त्याची आई! ट्रॉयच्या लढाईला निघाला तेव्हा ती जिवंत होती. गेल्याचं त्याला इथंच कळतं. पण टायरेसियस या मेलेल्या द्रष्ट्याचं भविष्य ऐकेपर्यंत तो तिलाही रक्ताला तोंड लावू देत नाही. डोळ्यांत पाणी, हातात तलवार. ती रक्ताशेजारी मुकाट बसून राहते, पोराला ओळखतही नाही.

रक्त प्यायल्यावर ओळखते. कोणत्या आजारानं गेलीस, तो विचारतो. आजारानं नाही, ती म्हणते, तुझ्या ओढीनं गेले. तो तीनदा कवेत घेऊ बघतो, तीनदा ती सावलीसारखी हातांतून निसटते.

मी नोकरीला पुण्यात. रोज संध्याकाळी फोनवर तिचं एकच, "कवा येतूस?" दाखल्यावर हृदयविकार लिहिलाय. मला अँटिक्लियाचं, त्या आईचं, उत्तर खरं वाटतं.

ग्रीक लोक मेलेल्याच्या तोंडात मृतांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यासाठी, कॅरॉनसाठी, नाणं ठेवत. मामीनं मायच्या तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा मणी ठेवला.

इसवी सनापूर्वी 5व्या शतकात अथेन्सची माणसं थडग्यापाशी तेलाचे उंच, पांढरे कुंभ ठेवत. त्यांना लेकिथोस म्हणतात. काहींवर लव्हाळ्यात नाव लावून कॅरॉन उभा असतो आणि मृतांना वाट दाखवणारा देव हर्मिस एका बाईला हाताला धरून तिकडं नेतो. चित्रकारानं ते किती हळुवार काढलंय! काही कुंभांच्या आत, गळ्याखाली, एक छोटंसं भांडं बसवलेलं असे. तेल थोडंच लागे, कुंभ मात्र भरलेला दिसे.

मायही करडीचं तेल असंच पुरवून पुरवून वापरायची. तिची बरणी अजून अर्धी आहे. गावी गेलो की रात्री भाकरीसोबत, शेंगदाण्याच्या चटणीवर त्यातलं चमचाभर घेतो.