राईतली रामपत्री

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरामागच्या देवराईत रामपत्रीचं, म्हणजे रानजायफळाचं, एक जुनं झाड आहे. यंदाही ते फुललं. पाचोळ्यावर बारीक फुलं पडली, फळ मात्र एकही धरलं नाही.

आजी याच झाडाखालून फळं वेचायची. बीवरची लाल पत्री सोडवून सुपात वाळवायची, मसाल्याला ठेवायची. मी सातवीत असताना राईलगतचा उतार साफ करून तिथे काजू लावले. राई देवाची, तिला कोणी कोयता लावला नाही. उतार देवाचा नव्हता. तिथे रामपत्रीची आणखी तीन-चार झाडं होती, ती गेली.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. आमची मादी उरली आणि नर तोडले गेले, हे मला फार उशिरा उमगलं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "झाड उभं आहे ना हिरवंगार? मग कसली काळजी?"

काळजी त्या हिरवेपणाचीच आहे. 1994 साली टिलमन, मे, लेहमन आणि नोवाक या चार शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं, की अधिवास आज तोडला तरी त्यातली जात आज मरत नाही. ती पुढे कधीतरी, काही पिढ्यांनंतर जाते. तोवर ते मरण कर्जासारखं अंगावर राहतं. त्यांच्या गणितात आधी बळी पडतात त्या जुन्या रानात सगळ्यांना पुरून उरणाऱ्या जाती, कारण त्यांना दूर पसरणं जमत नाही. रामपत्रीचं तसंच आहे. तिचं बी मोठं, ते न्यायला धनेशासारखा पक्षी लागतो. वाळलं की मेलं, साठवून ठेवता येत नाही.

सत्तरीतल्याच बांबर गावच्या निरंकार देवाच्या राईत याच कुळातली झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी आहेत. पूर्वी तिथे गेलो की मान वर करून शेंडे बघायचो. आता आधी खाली वाकून रोपं शोधतो. आमच्या झाडाखाली मी तीन पावसाळे शोधतोय, एकही सापडलं नाही.

मावशीच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नर-मादी दोन्ही आहेत. गेल्या वर्षी तिथून अकरा ताज्या बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि त्याच दिवशी राईच्या कडेला पुरल्या. चार रुजल्या. त्यांतला नर कोणता, मादी कोणती, हे ती फुलतील तेव्हाच कळेल.