पेमेंटच्या एकाच सिक्रेट कीची वाटणी: माझा अनुभव

बाणेरच्या आमच्या ऑफिसचे ग्राहक परदेशात, पैसे येतात स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेतून. चेकआउट, रिफंडचं अंतर्गत टूल आणि हिशेबाची स्क्रिप्ट, तिन्हीकडे एकच सिक्रेट की (स्ट्राइपला प्रोग्रॅमची ओळख पटवणारी गुप्त किल्ली) होती. ती सगळंच करू शकते. हिशेबाला फक्त वाचायचं असताना पैसे परत करायचा अधिकार कशाला?

सुरुवात केली रिक्वेस्ट लॉगपासून, म्हणजे स्ट्राइपकडे गेलेल्या विनंत्यांच्या नोंदींपासून: आमची कोणती सेवा कोणत्या एंडपॉइंटला (एकेका कामाच्या पत्त्याला) जाते, एवढंच टिपलं. यात महिनाभराचा काळ धरायलाच हवा, कारण हिशेबाची स्क्रिप्ट 1 तारखेलाच चालते.

मग प्रत्येक सेवेला वेगळी रिस्ट्रिक्टेड की, म्हणजे ठरावीक परवानग्यांपुरतीच चालणारी. स्ट्राइपच्या डॅशबोर्डवर दर रिसोर्सपुढे (चार्ज, ग्राहक असा माहितीचा एकेक प्रकार) नन (काहीच नाही), रीड (वाचणं), राइट (बदलणं) असे पर्याय असतात; राइटमध्ये रीड आलंच. हिशेबाचं रीडवर भागलं. घोडं अडलं रिफंडपाशी. चार्ज आणि रिफंडची परवानगी एकत्रच असल्याने रिफंडसाठी राइट दिलं की चार्ज करायचीही, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घ्यायचीही मुभा मिळते. म्हणून रकमेची मर्यादा आणि दुसऱ्या माणसाची मंजुरी टूलमध्येच घातली. कीवर सगळी भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणी टेस्ट मोडमध्ये (तिथे खरे पैसे हलत नाहीत), कमीत कमी परवानग्यांवर. 401 हा एरर कोड आला तर कीच चुकली आहे. 403 आला तर की बरोबर, परवानगी अपुरी. कोणती परवानगी हवी तेही एररच्या मजकुरात बहुधा लिहिलेलं असतं, तो नीट वाचावा. 'एक्स्पांड' (एका उत्तरातच जोडलेल्या रिसोर्सचा तपशील मागवणं) वापरत असाल तर आत उघडणाऱ्या रिसोर्सचंही रीड लागतं. हे हमखास सुटतं.

टेस्ट कीच्या परवानग्या लाइव्हमध्ये, म्हणजे खऱ्या व्यवहारांच्या कीला, आपोआप येत नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतात. लाइव्ह की एकदाच दिसते. ती थेट सिक्रेट मॅनेजरमध्ये (गुप्त माहिती जपणाऱ्या साधनात), व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही! कीला आयपीचं (इंटरनेटवरच्या पत्त्याचं) बंधनही घालता येतं. ते सर्व्हरच्या स्थिर आयपीवर घातलं. वाकडला घरून काम करणाऱ्यांच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, त्यांना टेस्ट की पुरते.

जुनी की लगेच मारली नाही. 'शेवटचा वापर' हा रकाना 1 तारीख उलटेपर्यंत पाहिला, मगच ती रोल करून (तिच्या जागी नवी काढून) जुनीची मुदत संपवली. वेबहुकच्या (स्ट्राइपकडून आपल्या सर्व्हरला येणाऱ्या सूचनांच्या) सहीचं सिक्रेट वेगळं असतं, की बदलल्याने ते बदलत नाही. त्याला हात लावायची गरज पडली नाही.