झेपावणाऱ्या खोकडाचा फोटो: माझा अनुभव

मराठीत कोल्हा म्हटलं की बहुतेकांना सोनेरी कोल्हा आठवतो. मी लिहितोय ते तांबड्या खोकडाबद्दल. गवतात किंवा बर्फाखाली दडलेल्या उंदरावर ते वरून झेप घेतं, पुढचे पाय जुळवून, नाक खाली करून. ही झेप टिपायची तर त्याचे कान वाचता यायला हवेत.

चालता चालता खोकड थबकतं. दोन्ही कान पुढे वळतात, डोकं किंचित कलतं, परत सरळ होतं, दुसरीकडे कलतं. आवाज नेमका कुठून येतोय याचा ते अंदाज घेत असतं. इथे बटण दाबायचं नाही. हे बराच वेळ चालू शकतं, तोवर बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी साठवणारी कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि खऱ्या उडीच्या वेळी कॅमेरा अडकून बसतो. डोकं स्थिर झालं, मागचे पाय पोटाखाली सरकले, पाठीची कमान झाली, की बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो) सुरू करतो. उडी एक मीटर उंच गेली तरी खोकड हवेत असतं सुमारे ०.९ सेकंद. सेकंदाला २० फ्रेमच्या वेगाने १८ फोटो हाती लागतात, १० च्या वेगाने नऊ. प्री-कॅप्चरची (बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षणही साठवण्याची) सोय असेल तर ती अर्ध्या सेकंदावर ठेवतो.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फ्रेम घट्ट ठेवल्याने. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५०० मिमी लेन्स लावली तर ३० मीटरवर उंचीला जेमतेम १.४ मीटर जागा मिळते. उभ्या खोकडाला ती छान दिसते, उडीत मात्र कान नाहीतर शेपटी कापली जाते. ४०० मिमीवर तीच जागा १.८ मीटर होते. मी ४०० वर राहतो आणि खोकड फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात धरतो.

शटर किमान १/२००० सेकंद, उजेड असेल तर १/३२००. ऑटो आयएसओची (कॅमेरा स्वतः ठरवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) मर्यादा ६४००. बर्फात एक्सपोजर एक ते दीड स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), नाहीतर बर्फ करडा येतो. फोकस सतत चालणारा. आय डिटेक्शन (डोळा ओळखून त्यावर फोकस धरणं) थबकलेल्या खोकडावर उत्तम चालतं, पण उडीत डोळा जमिनीकडे वळतो आणि फोकस पुढच्या गवतावर उडी मारतो. म्हणून मी झोन (फोकससाठी फ्रेमचा एक ठरावीक भाग) निवडतो आणि अडथळा आला तरी विषय सहज सोडू नये अशी ट्रॅकिंगची सेटिंग ठेवतो.

खोकड कानाने शिकार करतं, हे आपल्या सामानालाही लागू आहे. मेकॅनिकल शटरची टकटक, बॅगेच्या वेल्क्रोची फरफर, ट्रायपॉडच्या पायांची कटकट, यातलं काहीही त्याचा कान वळवतं आणि ती शिकार गेलीच. शटर इलेक्ट्रॉनिक, बॅग आधीच उघडलेली, लेन्स बीनबॅगवर. उंदरासारखी चूंचूं करून त्याला जवळ बोलावणं मला मुळीच मान्य नाही. त्यात त्याची ताकद फुकट जाते.

बसायची जागा आधी वाऱ्यावर ठरते: वारा खोकडाकडून आपल्याकडे यायला हवा. त्यानंतर दिशा. चेक प्रजासत्ताकातल्या निरीक्षणांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात उंच गवतात आणि बर्फात ईशान्येकडे घेतलेल्या झेपांपैकी सुमारे ७३ टक्के यशस्वी होत्या, नैऋत्येकडच्या सुमारे ६०, बाकी दिशांच्या १८ टक्क्यांहून कमी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा खोकडांना अंतर मोजायला उपयोग होत असावा, असा संशोधकांचा तर्क. त्यावरून मी सकाळची वेळ निवडली. पूर्वेला पाठ करून बसलं की ऊन मागून येतं आणि ईशान्येकडची झेप तिरकी आपल्याच दिशेने येते, तोंडावर उजेड घेऊन. संध्याकाळी ऊन पाठीशी घेतलं की तीच झेप पाठमोरी दिसते. वारा पूर्वेचा असेल तर मात्र ही जागा सोडून देतो.

पाय टेकल्यावर बोट उचलायचं नाही. नाक गवतातून वर येतं तेव्हा मिशांवर बर्फाचे किंवा दवाचे कण असतात, तोंडात उंदीर असेल तर त्याची शेपटी बाहेर लोंबते. लगेच खाल्लं तर ठीक. तोंडात धरून सरळ रेषेत दुडक्या चालीने निघालं तर ते बहुधा पिल्लांकडे किंवा शिकार पुरून ठेवायला चाललेलं असतं. तेव्हा मी जागेवरून हलत नाही.